भर उन्हाळ्यातील डोह आणि नदीतील मासेमारी

फाल्गुन सरला की सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांचा ओघ आटू लागतो. चैत्र-वैशाखात धार तुटते आणि एरवी अखंड वाहणारी नदी सुट्या सुट्या डोहांची होऊन राहते. खडकाळ, उथळ पात्र उघडे पडते. पाणी उरते ते केवळ वळणावरच्या खोल जागी, कड्याच्या पायथ्याशी किंवा जेथे तळाचे झरे जिवंत असतात तेथे. कोसभर पात्रातील मासे अशा चार-दोन डोहांत गोळा होतात. याच सुमारास शेतीची कामे हलकी झालेली असतात आणि शाळेची मुले सुटीवर घरी असतात. त्यामुळे मासे धरावयास यासारखा दुसरा काळ नाही असा सर्वत्र समज आहे. हा समज चुकीचा नाही. या दिवसांत मासे खरोखरच सहज सापडतात. परंतु ते इतके सहज का सापडतात हे पाहिले म्हणजे ते किती धरावेत याचाही उलगडा होतो.

माणसाप्रमाणे माशालाही प्राणवायू लागतो आणि तो त्याला पाण्यात विरघळलेल्या हवेतून मिळवावा लागतो. पाणी जितके तापेल तितका हा प्राणवायू त्यात कमी मावतो. १० अंश सेल्सिअस तपमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर ३० अंशांवर जेमतेम साडेसात. उलट पाणी तापल्यावर माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे उत्पन्न घटावे आणि खर्च वाढावा अशी त्याची स्थिती होते. त्यात डोहातील शेवाळ व पाणवनस्पती दिवसा प्राणवायू सोडत असल्या तरी रात्रभर तो वापरीत असतात. म्हणून पहाटे डोहातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. सूर्योदयाच्या सुमारास मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात. काठावरच्या माणसास वाटते की डोह माशांनी भरला आहे. वस्तुतः ते घुसमटत असतात. मरळ मात्र याला अपवाद आहे. तो जात्याच बाहेरची हवा घेणारा असल्याने त्याचे वर येणे हे संकटाचे चिन्ह नव्हे.

काश्मीर, कुलू व निलगिरी येथील थंड ओढ्यांत इंग्रजी अमदानीत आणून सोडलेला ट्राउट मासा हीच गोष्ट अधिक ठळकपणे दाखवितो. आपल्या नद्यांत तो जगणार नाही, कारण त्याला शीतल व खळाळते पाणी लागते. उन्हाळ्यात पाणी कोमट होऊ लागले की तो झऱ्याच्या मुखाशी, थंड उपओढा मिळतो तेथे किंवा धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात आश्रय घेतो. जाणते गळकरी त्याला तेथेच, तेही पहाटे पाणी सर्वांत थंड असताना गाठतात. पाण्याचे तपमान २० अंशांच्या वर गेले की ते गळ आवरतात. याचे कारण असे की कोमट पाण्यात झगडून थकलेला ट्राउट परत सोडला तरी बहुधा जगत नाही.

आपल्याकडील मासे उष्णता अधिक सोसतात, परंतु त्यांचाही शोध याच धोरणाने घ्यावा लागतो. खडशी, म्हणजेच महासीर, डोहाच्या वरच्या तोंडाशी, जेथे थोडेफार पाणी खडकांतून झिरपून येते तेथे असते. वाम दगडांच्या कपारीत दडते, शिंगाळा तळाशी राहतो आणि मरळ काठच्या गवतात दबा धरतो. भर दुपारी बहुतेक मासे करंज-जांभळाच्या सावलीत किंवा खोल तळाशी निपचित असतात व आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. दिवस कलल्यावर ते चरावयास बाहेर पडतात. गळासाठी हीच वेळ उत्तम. वाम व शिंगाळ्यास गांडूळ आणि खवल्यांच्या माशांस कणकेची गोळी पुरेशी होते.

आता मुख्य मुद्दा. वैशाख-ज्येष्ठात धरलेल्या मोठ्या माशाच्या पोटात बहुधा गाभोळी निघते आणि घरोघरी तिचे कौतुक होते. आपल्या नद्यांतील बहुतेक मासे पावसाळ्यात अंडी घालतात व त्यांची अंडी उन्हाळ्यातच भरत आलेली असतात. रोहूच्या किलोभर वजनाच्या मादीत अंड्यांची संख्या दोन लाखांच्या घरात जाते. त्यांतील फार थोडी जगतात हे खरे, पण नदी पुन्हा भरते ती त्याच थोड्यांतून. बियाणाची कणगी फोडून त्याच्या भाकरी करणाऱ्या शेतकऱ्यास गाव वेडा म्हणेल. मे महिन्यात डोह रिकामा करणारा याहून वेगळे काही करीत नाही. खडशीच्या बाबतीत तर हानी अधिकच मोठी, कारण तिची अंडी त्या मानाने थोडी असतात व ती सावकाश वाढते.

डोह रिकामा करण्याचे मार्गही अलीकडे अधिक घातक झाले आहेत. पूर्वी गेळाची फळे किंवा रामेठ्याची साल ठेचून पाण्यात टाकीत. आता काही ठिकाणी ब्लीचिंग पावडर व पिकांवरील कीटकनाशके वापरली जातात, जिलेटिनच्या कांड्या फोडल्या जातात, तर कोठे तारांवर आकडा टाकून वीज पाण्यात सोडली जाते. विजेने माशांबरोबर माणसेही दगावतात. स्फोटाने लहानमोठे सारेच मासे मरतात आणि त्यांतील पुष्कळसे तळाशी जाऊन कुजतात, म्हणजे मारणाऱ्याच्याही हाती लागत नाहीत. विषाचे पाणी गुरे पितात, खालच्या अंगाच्या विहिरींतही ते झिरपू शकते आणि कीटकनाशकाने मेलेला मासा खाणाऱ्याच्या पोटात तेच विष जाते. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच पाण्यात स्फोटके व विष वापरणे हा गुन्हा ठरविला होता. महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यातही ही मनाई आहे.

जेथे डोहाला हात लावला जात नाही तेथे काय होते हे पाहावयाचे असल्यास महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळण कोंड किंवा वाडा तालुक्यात वैतरणेवरील तिळसे येथे जावे. दोन्ही ठिकाणी देवस्थानाच्या श्रद्धेने डोहातील मासे कोणी मारीत नाही आणि अन्यत्र विरळ झालेली खडशी तेथे काठाशी येऊन चुरमुरे खाते. हीच खडशी कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून शास्त्रीय जगाच्या नजरेस आणली. पुढे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्यास तिची कृत्रिम पैदास साधली व १९७१ मध्ये तिच्या अंड्यांचा व पिलांच्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. बीज सोडता येते हे त्यातून सिद्ध झाले. तथापि सोडलेल्या बीजालाही उन्हाळा काढावयास डोह लागतोच.

प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतील सर्वांत खोल डोह निवडून ग्रामसभेच्या ठरावाने तो होळीपासून पावसाचे पाणी स्थिर होईपर्यंत राखून ठेवावा. निवड करताना भोई व कोळी बांधवांस अवश्य विचारावे. डोहांची माहिती त्यांच्याइतकी कोणास नसते आणि बंदीची झळही प्रथम त्यांनाच लागते. म्हणून बाकीचे डोह त्यांच्यासाठी मोकळे राहतील असे पाहावे. मोकळ्या डोहांतही मोठ्या आसाचे जाळे वापरावे. मच्छरदाणीच्या कापडाने बोटभर पिले ओढून काढण्यात पोटही भरत नाही. राखीव डोहावर ज्यांची इंजिने आहेत त्यांनी निदान पुरुषभर पाणी शिल्लक राहील अशा बेताने उपसा थांबवावा. हे सांगणे सोपे व करणे कठीण आहे. समोर ऊस वाळत असताना माशासाठी पाणी सोडा म्हटले तर शेतकरी रागावेल. पण तेच पाणी वैशाखात गावच्या गुरांचेही असते, ही बाजू गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम मांडावी. काठची झाडे तोडू देऊ नयेत, सावलीने पाणी थंड राहते.

मृगाचे पाणी आले की डोह एकमेकांस जोडले जातात आणि मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत व भातखाचरांत चढू लागतात. कोकणात याला वळगण म्हणतात. या चढणीच्या माशांसाठी बांधाच्या तोंडाशी सापळे लावण्याची जुनी चाल आहे. ती एकाएकी मोडणार नाही, पण सापळ्याने ओढ्याचे सारे तोंड न अडविता निम्मी वाट मोकळी ठेवावी. मरळाच्या तांबड्या पिलांचा थवा पाण्यावर दिसला तर त्याखाली राखण करीत असलेल्या जोडीस धरू नये. ती गेल्यावर तो थवा दिवस दोन दिवसांत इतर माशांच्या पोटात जातो.