वेडा राघू आणि उन्हाळी संशोधन

प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींना घरी हमखास विचारले जाते, ‘याचे पुढे काय?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर उन्हाळी संशोधनवृत्तीत आहे. पालघर-बोईसर परिसरात मात्र त्याची माहिती फार थोड्यांना आहे.

भारतीय विज्ञान अकादमी (बंगळूर), भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी (दिल्ली) व राष्ट्रीय विज्ञान अकादमी (प्रयागराज) या तीन संस्था मिळून निवडक विद्यार्थ्यांना, आणि शिक्षकांनाही, सुमारे दोन महिने शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी देतात. विद्यावेतन व प्रवासखर्च मिळतो. आपली अनेक मुले सुट्टीत तारापूरच्या एम.आय.डी.सी.त कंत्राटी कामाला जातात. दोन महिन्यांची मजुरी सोडणे घराला परवडत नाही. म्हणून विद्यावेतनाची ही बाब पालकांनी ध्यानी घ्यावी.

संशोधन म्हणजे महागडी उपकरणेच, असे नव्हे. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात डॉ. मिलिंद वाटवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेडा राघू या पक्ष्याचा अभ्यास केला. तो २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हा पक्षी मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. बिळाचे तोंड दिसेल अशा जागी माणूस उभा असेल, तर तो आत जाणे टाळतो. माणूस जवळच, पण बीळ न दिसेल अशा जागी असेल, तर सहज जातो. समोरच्याला काय दिसते याचा अदमास तो घेतो. मग त्याला वेडा ठरवले कोणी? न पाहता नावे ठेवणाऱ्यांचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

शरीरक्रियाशास्त्राचे विषयही दाराशी आहेत. आपल्या खाड्यांच्या चिखलात उड्या मारणारी निवटी मासा असूनही ओल्या त्वचेतून व तोंडाच्या अस्तरातून हवेतील प्राणवायू घेते. खाडीकाठच्या मुलाला ती कुठे व केव्हा सापडते, हे कोणी शिकवावे लागत नाही.

अर्ज सहसा दिवाळीच्या सुमारास भरावे लागतात. त्यासोबत विद्यार्थ्याचे छोटे टिपण व प्राध्यापकांचे शिफारसपत्र लागते. मुले अडतात ती इथेच. बाबासाहेबांची सयाजीराव महाराजांशी भेट केळुसकर गुरुजींनी घालून दिली, तेव्हा महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली. पदवीधर माजी विद्यार्थ्यांनी निदान टिपणाचे इंग्रजी तपासून द्यावे. शिफारसपत्र मात्र ओळखीवर मिळत नाही. त्यासाठी प्रथम वर्षापासून निरीक्षणांची वही ठेवून ती प्राध्यापकांना दाखवत राहावी.