बॅटरी बदलण्याआधी अर्थ तपासा!

आपल्या वस्तीत कितीतरी घरांची चूल गाडीच्या चाकावर पेटते. कुणी शाळेची मुले ने-आण करतो, कुणी मंडईचा माल. गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडाली.

आमच्या जुन्या व्हॅनने एका सकाळी सेल्फच घेतला नाही. नुसता 'टक्' असा आवाज. "बॅटरी गेली," असे सांगण्यात आले. आम्ही उसनवारी करून नवी बॅटरी आणली. दुसऱ्याच दिवशी पुन्हा तेच! सेल्फ मारताना हेडलाइट मात्र लख्ख राहत होते. म्हणजे बॅटरीत दम होता. पण ही खूण आम्हाला ओळखता आली नाही. खरा दोष इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या गंजलेल्या अर्थ पट्टीत होता.

बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट दिव्यातून किंवा सेल्फमधून जातो आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून मायनसला परत येतो. ही परतीची वाट म्हणजे अर्थ. गंज चढला, नट सैल झाला की वाट अडते. ब्रेक दाबताच मागचा दुसरा दिवा मंद झाला, तर आधी अर्थचाच संशय घ्यावा.

तपासणीसाठी साधा मल्टीमीटर पुरतो. तो डी.सी. २० व्होल्टवर ठेवावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत.

आता अर्थ. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरावी आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा आला, तर अर्थ खराब. सप्लाय पाहताना एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी पेटलेल्या दिव्याच्या प्लसवर ठेवावी. इथेही आकडा अगदी लहान हवा. मात्र दिवा किंवा सेल्फ चालू असतानाच मोजावे. करंट वाहत नसेल तर खराब जोडही चांगला भासतो.

जोड सोडवताना बॅटरीची मायनस वायर आधी काढावी व शेवटी लावावी. पॉलिश पेपरने धातू चकचकीत करून नट घट्ट आवळावा, वर व्हॅसलीन लावावे. बॅटरीजवळ बिडी-काडी नको. फ्यूजच्या जागी जाड तार तर कधीच घालू नये, गाडी पेटते.

आमची पट्टी बदलायला किरकोळ खर्च आला, बॅटरीचे कर्ज मात्र कित्येक महिने फेडावे लागले. म्हणून घरातल्या मुलामुलींच्या हाती मीटर द्या. दोन पिना धरता आल्या, तर कष्टाचा पैसा घरातच राहील.