राष्ट्रसंघाची तिजोरी

संयुक्त राष्ट्रसंघास कर बसवितां येत नाहीं, ही गोष्ट आपल्या सहसा ध्यानांत येत नाहीं. त्याचा नित्याचा खर्च सभासद राष्ट्रांच्या वर्गणीवर चालतो. तिचा वांटा आमसभा ठरविते. फार तर शेंकडा 22, निदान शेंकडा 0.001. मागणीपत्र पोंचल्यापासून 30 दिवसांत रक्कम भरावी असा नियम आहे. परंतु कांहीं राष्ट्रें ती वर्षाअखेर भरतात, कांहीं थकवितात. पगार मात्र वेळेवर द्यावेच लागतात, आणि सावकाराकडून कर्ज काढण्याची संघास मुभा नाहीं! म्हणून 2019 सालीं न्यूयॉर्क येथील मुख्य कचेरींतील सरकते जिने बंद ठेवावे लागले. हें एक वेळ चालेल. पण शांतिसेनेची वर्गणी थकली म्हणजे हिंदुस्थानासारखीं सैन्य धाडणारीं राष्ट्रें भरपाईची वाट पाहत बसतात, हें आम्हांस अधिक खटकतें.

आणखी एक विलक्षण रीत अशी चालत आली, कीं खर्च न झालेली रक्कम सभासदांच्या नांवें जमा करावयाची, मग ती मुळांत वसूल झालेली असो वा नसो!

दोन पूर्ण वर्षांच्या वर्गणीइतकी बाकी थकल्यास सनदेच्या 19 व्या कलमान्वयें आमसभेंतील मताधिकार जातो. परंतु 1964 सालीं, काँगो वगैरे ठिकाणच्या शांतिसेनेचा खर्च सोव्हिएट रशियानें नाकारला असतां, आमसभेनें त्या अधिवेशनांत बहुतेक मतदानच टाळलें. पुढें 1965 सालीं त्या खर्चापुरतें हें कलम न उकरण्याचें ठरलें, आणि रशियाचें मत शाबूत राहिलें.