जागं राहण्याची परीक्षा

टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतहून भरलेल्या गाड्या मुंबई-आग्रा महामार्गाला लागतात त्या बहुतेकदा रात्रीच. माल नाशवंत, सकाळचा बाजार गाठायचा आणि वाटेत कसाऱ्याचा घाट. झापड आलीच तर तोंडावर पाणी मारायचं, टपरीवरचा कडक चहा घ्यायचा, नाहीतर तंबाखूची चिमूट दाढेखाली धरायची. पण ताशी ८० किलोमीटर वेगातली गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. नुसता तीन सेकंद डोळा लागला तरी ६६ मीटर गाडी वाऱ्यावरच!

काहींना रात्री सात-आठ तास पडूनही दिवसा पेंग येते. घोरता घोरता श्वास अडखळणारा ‘स्लीप ॲप्निया’ किंवा ‘नार्कोलेप्सी’ हा मेंदूचा विकार त्यामागे असू शकतो. उपचार सुरू झाले की पुढचा प्रश्न येतो: हा माणूस आता दिवसा जागा राहू शकतो का? तो तपासण्यासाठी मिटलर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ‘मेंटेनन्स ऑफ वेकफुलनेस टेस्ट’ मांडली. निद्रातज्ज्ञ तिला ‘एमडब्ल्यूटी’ म्हणतात. तिच्याआधीची, सत्तरच्या दशकातली ‘एमएसएलटी’ ही चाचणी पेशंटला झोपायला सांगते. ही न झोपायला सांगते.

खोली शांत आणि जवळजवळ अंधारी. पलंगावर पाठीला-डोक्याला उशीचा आधार देऊन बसवतात. डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर आणि छातीवर तारा चिकटवलेल्या. सूचना एवढीच: समोर बघा, हलू नका, जमेल तितका वेळ जागे राहा. गुणगुणायचं नाही, स्वतःला चिमटे काढायचे नाहीत. अशा ४० मिनिटांच्या चार फेऱ्या, दर दोन तासांनी. पहिली फेरी रोजच्या उठण्याच्या वेळेनंतर दीड ते तीन तासांत सुरू होते. मधल्या वेळात डुलकी काढायला मनाई.

इथे बतावणी चालत नाही. झोप लागताना जागेपणीच्या अल्फा लहरी विरत जातात, बुबुळं संथपणे इकडून तिकडे फिरू लागतात. तंत्रज्ञ ही नोंद ३०-३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचतो. सलग तीन तुकडे हलक्या झोपेचे दिसले, किंवा एकच तुकडा झोपेच्या इतर कुठल्याही टप्प्याचा दिसला, की फेरी संपली. गंमत म्हणजे हलक्या झोपेतून उठवलेला माणूस पुष्कळदा ‘मी जागाच होतो’ असं ठामपणे सांगतो.

म्हणूनच खरी तयारी आधीच्या रात्रींची. बागेला पाणी द्यायला किंवा गाडी भरायला जागरण झालं असेल, तर चाचणी आजाराऐवजी ते जागरणच मोजेल. आधीचे एक-दोन आठवडे ठरल्या वेळी झोपावं-उठावं आणि त्या वेळा वहीत टिपाव्यात. स्लीप ॲप्नियासाठी झोपताना लावायचं सीपॅप मशीन असेल तर ते रोज लावावं. चालू औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मात्र सर्दीच्या गोळीसकट सगळी डॉक्टरांना सांगावीत, कारण अशा काही गोळ्यांनीही गुंगी येते. चहा-कॉफी आणि तंबाखूबद्दल आधीच विचारून घ्यावं. जागेपणी मेंदूत साठत जाणारं ॲडेनोसिन झोप आणतं; कॅफिन त्याची वाट तेवढी अडवतं, साठा कमी करत नाही. चाचणीच्या दिवशी नाश्ता हलका करावा. केस धुऊन जावं, पण तेल लावू नये. तेलामुळे तारा चिकटत नाहीत. तपासणी मोठ्या शहरात असेल तर पहाटेची एसटी धरण्यापेक्षा आदल्या दिवशीच मुक्कामाला जावं. स्वतः गाडी चालवत जाऊ नये, येऊही नये.

चारही फेऱ्यांची सरासरी आठ मिनिटांच्या आत आली, तर ती नक्कीच चिंतेची बाब. चारही वेळा पूर्ण ४० मिनिटं जागं राहणं हा सर्वांत भक्कम निकाल. मधल्या आकड्यांवर डॉक्टर पेशंटची हकिगत आणि काम पाहून मत देतात. निरोगी माणसंही सगळीच ४० मिनिटं टिकत नाहीत, त्यामुळे एका आकड्यावरून घाबरू नये.

आणि आकडा चांगला आला म्हणून निर्धास्तही होऊ नये. तो निकाल भरपूर झोपलेल्या, उपचार पाळणाऱ्या माणसाचा असतो. लागोपाठ दोन रात्री गाडीवर काढल्या तर त्याच माणसाला तो लागू राहत नाही. मोटार वाहतूक कामगारांचं काम दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांत बसवायला १९६१ च्या कायद्याने सांगितलं होतं. चाचणीसाठी जी झोप घेतली, तीच गाडीच्या प्रत्येक खेपेआधी मिळाली पाहिजे. ती मिळू देणं ड्रायव्हरइतकंच गाडीमालकाच्या आणि व्यापाऱ्याच्याही हातात आहे.