मोठे टायर चढवले, मग टो-इनचे माप कुठे घ्यायचे?

भिवंडीहून कापडाचे गठ्ठे घेऊन म्हसळा, श्रीवर्धन, मुरूडकडे येणाऱ्या आणि इकडची मासळी मुंबईला नेणाऱ्या छोट्या ट्रकांना मालक ७.००-१६ च्या जागी ७.५०-१६ चे टायर चढवतात. आपले रस्ते पाहता त्यात नवल नाही. पण थोड्याच दिवसांत पुढचे टायर एका कडेने खाऊ लागतात आणि खापर टायरवर फुटते. टायरला दोष देण्यापूर्वी टो-इनचे माप तपासावे.

पुढची दोन्ही चाके पुढच्या बाजूने एकमेकांकडे किंचित वळलेली ठेवतात. चाकांमधील मागच्या अंतरातून पुढचे अंतर वजा केले की टो-इन मिळतो. गाडी धावताना रस्त्याच्या विरोधाने चाके बाहेर फाकू पाहतात, म्हणून ही तजवीज. टो-इन जास्त झाला तर टायर बाहेरून खातात, कमी पडला तर आतून. टायरवर आडवा हात फिरवावा; एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने करवतीसारखे लागले तर समजून घ्यावे.

आता हिशोब पाहू. टो-इन आपण मिलिमीटरमध्ये मोजतो, पण मुळात तो कोन आहे. व्यास वाढला की त्याच कोनाचे मिलिमीटर वाढतात. ७.००-१६ चा व्यास सुमारे ७७५ मि.मी., ७.५०-१६ चा ८०५. म्हणजे टायरवर ३ असतील तिथे ३.१ होतील. एवढ्याने टायर खात नाही. खरी चूक वेगळीच असते. समजा, कंपनीच्या पुस्तिकेत २ मि.मी. हा आकडा रिमच्या कडेवरचा आहे आणि कारागिराने तो टायरवर लावला. रिमच्या कडेचा व्यास सुमारे ४४० मि.मी. असतो. तोच कोन टायरवर साडेतीनच्या वर यायला हवा, त्याने ठेवले दोनच. गजाचा भाव मीटरला लावण्यासारखेच हे झाले. म्हणून आकडा रिमचा की टायरचा, हे आधी पाहावे. रिमवर मोजले तर टायरच्या आकाराचा प्रश्नच उरत नाही.

मोजण्यापूर्वी दोन्ही टायरांत हवा सारखी भरावी. किंगपिन, बेअरिंग आणि टाय रॉडची टोके ढिली असतील तर आधी ती बदलावीत, नाहीतर सगळी मेहनत वाया. सपाट जागी चाके सरळ ठेवून गाडी थोडी पुढे ढकलावी. दोन्ही चाकांवर पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूने खूण करून अंतर मोजावे. मग चाक अर्धा फेरा फिरेल इतकी गाडी पुढे घेऊन त्याच खुणा मागे आल्यावर पुन्हा मोजावे. खूण तीच राहिल्याने रिम थोडी वाकडी असली तरी माप चुकत नाही. गाडी मागे ढकलू नये; सांध्यांतील ढिलाई उलट बाजूला जाते.

ट्रकचा टाय रॉड बहुधा आसाच्या मागे असतो. त्याची लांबी वाढवली की टो-इन वाढतो. दोन्ही टोकांचे नट सैल करून रॉड फिरवावा, नट आवळावेत आणि गाडी पुन्हा पुढे ढकलून मोजावे. नट आवळताना रॉड हलतो, त्यामुळे हे शेवटचे मोजमाप टाळू नये. शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मोठा टायर स्प्रिंगला किंवा मडगार्डला घासत नाही ना, तेही पाहून घ्यावे.