स्वयंसेवी सायकल-दुरुस्ती केंद्र आणि सूचनांची भाषा

सार्वजनिक स्वयंसेवी सायकल-दुरुस्ती केंद्राची रचना साधी असते. जमिनीत पक्का बसविलेला पोलादी खांब, सायकल टांगण्यासाठी त्याला दोन आडवे हात, तारदोरांनी जखडलेले पाने व स्क्रू-ड्रायव्हर, आणि शेजारी निरनिराळ्या व्हॉल्व्हना बसेल असा पंप, एवढ्या सामग्रीवर काम भागते. उणीव राहते ती मिस्त्रीची. ती खांबावरील सूचनाफलकाने भरून काढावयाची असल्यामुळे फलकाची भाषा हेही तेथील एक हत्यारच होय.

पायडल काढण्याची कृती पाहावी. उजव्या पायडलचे आटे सरळ, तर डाव्याचे उलटे असतात. ‘पाना डावीकडे फिरवावा’ या सूचनेने उजवे पायडल सुटते. डावे मात्र अधिकच आवळले जाते व जोर केल्यास आटे खराब होतात. डावे-उजवे हे पाहणाऱ्याच्या उभे राहण्यावर अवलंबून असते. सायकलीचे पुढे-मागे तिच्या स्वतःच्या अंगचे असते. म्हणून ‘पाना पायडलवर उभा धरून त्याचे वरचे टोक मागच्या चाकाकडे न्यावे’ हे एकच वाक्य दोन्ही बाजूंस लागू पडते.

शब्दनिवडीसही हाच न्याय लावावा. वाकडे फिरणारे चाक सरळ करण्याला कारागीर ‘आउट काढणे’ म्हणतात. इंग्रजी क्रियाविशेषणाचे येथे मराठी नाम झाले आहे. त्याजागी नवा संस्कृत शब्द घडविल्यास फलक शुद्ध दिसेल. परंतु हातात पाना घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो मुका ठरेल.