काटेरी रानाची हद्द
(लेखमाला ‘तालुक्याचे रान’ : भाग सहावा)

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांनी उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या जंगलाचा अहवाल काढते. झाडांच्या शेंड्यांनी दहा टक्क्यांहून कमी जमीन झाकलेली असेल, तर ती जागा या अहवालात वनाच्छादनात धरत नाहीत. तिची नोंद ‘झुडपी’ म्हणून वेगळ्या रकान्यात जाते. बीड जिल्ह्यातल्या वडवणीच्या दक्षिण अंगाला बालाघाटाची जी रांग दिसते, तिचा बराचसा भाग याच रकान्यात बसणारा आहे. सातबाऱ्यावर मात्र त्यातल्या कित्येक गटांपुढे वन विभागाचे नाव आहे. कागदावर वन, आकाशातून पाहिले तर उजाड. या तिढ्यामुळे वडवणी, धारूर, पाटोद्याचा माणूससुद्धा ‘आपल्याकडे कुठलं जंगल?’ असे म्हणून मोकळा होतो आणि जंगल पाहायचे म्हटले की ताडोब्याची गाडी शोधतो.

ताडोबा पाहावाच. पण या रानाला सागाच्या आणि बांबूच्या मापाने मोजले, तर ते कायम उणेच भरणार. ते वेगळ्या जातीचे रान आहे, आणि त्याच्याकडे बघण्याची रीतही वेगळी आहे.

सुरुवात दगडापासून करावी लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. बालाघाट ही त्याचीच झिजलेली कड. माथ्यावर माती वीतभर, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. एवढ्या शिदोरीवर उंच, दाट झाडी उभी राहत नाही. उभे राहते ते गवत, आणि त्यात विखुरलेले हिवर, खैर, बोर, आपटा, पळस, धावडा, सालई. पानगळ झाली की डोंगर मेल्यासारखा दिसतो. मृगाचे दोन पाऊस पडले की आठ दिवसांत तोच डोंगर ओळखू येत नाही.

पाण्याचा हिशेब तर फारच बोलका आहे. रांगेच्या उत्तरेला पडलेला थेंब बिंदुसरा, कुंडलिका, सिंदफणा अशा वाटेने लवकरच गोदावरीत जातो. दक्षिणेला पडलेला थेंब मांजरेच्या पात्रात उतरतो. मांजरा पाटोद्याच्या पठारावर उगम पावते, लातूर, बीदर, मेदक असा 700 किलोमीटरहून लांबचा वळसा घेते आणि तेलंगणाच्या सीमेवर कंदकुर्तीला त्याच गोदावरीला मिळते. वडवणी तालुक्यातले सोन्नाखोट्याचे ऊर्ध्व कुंडलिका धरण भरते ते याच उतारांच्या जोरावर. वन विभागाने डोंगरावर खोदलेले सलग समतल चर आणि ओघळींत रचलेले अनघड दगडी बांध पाहताना हे ध्यानात ठेवावे. उतारावरचे गवत गेले की पाणी थांबत नाही, मातीही थांबत नाही, आणि दोन्ही जाऊन बसतात धरणाच्या तळाशी.

या डोंगराची खरी ओळख सांगणारे झाड मात्र मूळचे इथले नाही. सीताफळ उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचे. ते बालाघाटावर इतके रुळले, की आज धारूर, वडवणी, बीडच्या उतारांवर ते कुणी न लावता उगवते, आणि 2016 मध्ये ‘बीडचे सीताफळ’ या नावाने त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ते एवढे का फोफावले, याचे उत्तर त्याच्या पानात आहे. पान चुरगळून नाकाशी धरले तर उग्र वास येतो. त्याच्या पानांत आणि बियांत कीटकांना मारक द्रव्ये असतात आणि शेळी त्याला तोंड लावत नाही. शतकानुशतके चरल्या गेलेल्या डोंगरावर बोरीचा कोवळा शेंडा खुडला जातो, आपट्याची फांदी ओरबाडली जाते, पण सीताफळ तसेच राहते. म्हणजे डोंगरावर सीताफळ दाट असेल, तर तिथे चराई किती जुनी आणि किती जड आहे याचाही तो दाखला समजावा.

दसऱ्याच्या सुमाराला डोळे उघडलेली फळे पाट्यांत भरून रस्त्याच्या कडेला येतात. त्याच दिवसांत मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघण्याच्या तयारीत असतात. घर सोडण्याआधी गाठीला चार पैसे देणारे हे रानातले शेवटचे पीक, आणि ते विकायला बसलेल्या बहुतेक बायाच असतात. डोंगराकडे नुसते फिरायला जाणाऱ्याने निदान त्यांच्याकडून पाटीभर फळे घ्यावीत आणि भावात घासाघीस करू नये.

आता हद्दीचा प्रश्न. गावाच्या बोलण्यात ‘फॉरेस्ट’ आणि ‘गायरान’ यांची सरमिसळ होते, कायद्यात नाही. गायरान महसुलाच्या नोंदीतले, गावाच्या गुरांसाठी राखलेले. वन हे वन विभागाचे, आणि त्यातही प्रकार आहेत. 1927 च्या भारतीय वन अधिनियमातले राखीव वन आणि संरक्षित वन यांतला फरक एका वाक्यात सांगता येतो: राखीव वनात परवानगी दिली आहे तेवढेच करता येते, संरक्षित वनात मनाई केली आहे तेवढे सोडून बाकीचे करता येते. राखीव वनात विस्तव पेटवणे, झाड तोडणे, दगड काढणे, गुरे घालणे हे सगळे गुन्हे आहेत. मराठवाड्यात हा अधिनियम लागू होण्याआधी निजामाच्या राज्याचा हैदराबाद वन कायदा होता, 1355 फसली सालचा. फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे 1945. तीनच वर्षांनी, 17 सप्टेंबर 1948 ला, ते राज्यच संपले.

तिसरा प्रकार अभयारण्याचा. तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो आणि तिथले नियम आणखी कडक आहेत. आत जायला परवाना लागतो; तो अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा ठरावीक कारणांसाठी मिळतो. शस्त्र नेता येत नाही, आग लावता येत नाही.

बीड जिल्ह्यात असे अभयारण्य आहे: पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य. 1994 मध्ये ते जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र जेमतेम 30 चौरस किलोमीटर आहे. वडवणीहून बीड, मग मांजरसुंबा आणि तिथून पाटोद्याची वाट धरली की सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे त्याला वाघाइतकेच संरक्षण. पण मोर पाहायला जाण्याची वेळ चुकली तर निराशा पदरी पडते. पिसारा मिरवण्याचा काळ पावसाळ्याच्या आगेमागेचा. पावसाळा सरत आला की लांब पिसे गळू लागतात आणि दिवाळीच्या सुमाराला दिसणारा नर बोडका असतो. गळलेले पीस समोर पडले, तरी अभयारण्यातून काहीही उचलून आणायचे नसते. ज्येष्ठ-आषाढात पहाटे साडेपाचच्या सुमाराला ओढ्याच्या काठी नुसते बसले, तरी एका डोंगराचा केका दुसऱ्या डोंगरावरून उचलला जातो आणि मोर किती आहेत याचा अंदाज कानानेच येतो.

मोरापलीकडे या सगळ्या पट्ट्यात लांडगा, कोल्हा, खोकड, तरस, चिंकारा, साळिंदर, ससा आणि घोरपड यांचा वावर आहे. ते दिसतीलच असे नाही. त्यांच्या खुणा मात्र हमखास दिसतात, आणि त्या वाचायला शिकण्यातच इथला खरा आनंद आहे. वाटेच्या मधोमध, उंचवट्याच्या दगडावर केसांनी भरलेली, वाळून पांढरट पडलेली विष्ठा आढळली तर ती बहुधा लांडग्याची. अशा ठिकाणी विष्ठा टाकून तो आपली हद्द सांगतो. तरसाची विष्ठा खडूसारखी पांढरी, कारण ते हाडे फोडून खाते. झुडपाखाली उकरलेले खड्डे आणि मुळे कुरतडलेली दिसली की जवळपास काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा एखादा काटा शोधावा. तो साळिंदराचा. लांडगा हा दाट जंगलाचा प्राणीच नव्हे, तो माळाचा. धनगरांचे वाडे ज्या वाटेने फिरतात, त्याच वाटेवर तो पिढ्यान्‌पिढ्या जगला आहे. म्हणून झुडपी माळ पडीक समजून त्यावर सरसकट दाट झाडे लावून टाकली, तर कागदावर हिरवळ वाढेल आणि लांडगा, चिंकारा, तित्तिर, चंडोल यांचे घर मात्र जाईल. झाडे लावावीत; पण कुठे लावायची नाहीत, हेही ठरवायला हवे.

झाडे कशी लावावीत, याचा एक धडा बीड शहराजवळ पालवणच्या डोंगरावर आहे. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने वन विभागाच्या ओसाड जमिनीवर उभी राहिलेली सह्याद्री देवराई ती हीच. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरले आणि अध्यक्षपदाचा मान वडाच्या झाडाला मिळाला. या देवराईलाही वणव्याची झळ बसलेली आहे. वाळलेले गवत आणि एक जळती काडी यांच्यापुढे चार-पाच वर्षांची मेहनत टिकत नाही.

माणूस आणि जनावर यांच्यात बिनसते तेव्हा काय होते, हे या भागाने पाहिले आहे. 2021 च्या डिसेंबरात शेजारच्या माजलगाव तालुक्यातले लवूळ हे गाव जगभरच्या बातम्यांत आले. वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर, घरांच्या छतांवर नेत होती आणि ती पिल्ले पडून किंवा उपासमारीने मरत होती. वानराच्या एका पिल्लाला कुत्र्यांनी मारले म्हणून वानरे सूड घेत आहेत, अशी कथा पसरली. मेलेल्या कुत्र्यांचा आकडा तर वाटेल तसा फुगला. वन विभागाच्या पथकाने दोन वानरे पकडून नेली. सूडाची कथा ऐकायला रंजक आहे, पण तिच्यामुळे नेमकी महत्त्वाची गोष्ट बाजूला पडली. वानर मुळात पाने, शेंगा, रानफळे खाणारा प्राणी. डोंगरावरची फळझाडे कमी झाली आणि गावात अन्न मिळू लागले की टोळ्या वस्तीला सरावतात, आणि मग असले प्रसंग घडतात. त्याआधीच्या वर्षी, नोव्हेंबर 2020 मध्ये, आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे जीव गेले होते. या घटनांनंतर रान म्हणजे धोका, ही भावना गावोगाव बळावली. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांना रानाचे कौतुक सांगण्यात अर्थ नाही. त्यांना वेळेवर भरपाई आणि रात्री पिकाला पाणी द्यायला जाण्याऐवजी दिवसा वीज हवी.

रानाबरोबर इतिहास पाहायचा तर वडवणीकरांनी तेलगावमार्गे धारूरचा घाट चढावा. हा घाट म्हणजेच या रांगेचा उभा छेद. खाली काळ्या मातीतला ऊस आणि कापूस, मध्ये सीताफळ आणि काटेरी झुडपे, वर पठार आणि त्याच्या टोकाला किल्ला. आदिलशाही सरदार किश्वरखानाने 1567 मध्ये हा किल्ला उभारला. निजामशाहीच्या तोंडावर रोवलेला हा खिळा अहमदनगरला सहन होणे शक्य नव्हते. दोनच वर्षांत मुर्तजा निजामशहाने तो घेतला आणि किश्वरखान त्यातच मारला गेला. जानेवारी 1631 मध्ये शहाजहानच्या फौजेने आझमखानाच्या हाताखाली तो जिंकला, तेव्हा दख्खन भीषण दुष्काळाने होरपळत होते. किल्ल्याची जागा निवडणाऱ्याने डोंगराचा पुरता विचार केला होता. बहुतेक बाजूंनी खोल दरीच संरक्षण करते आणि जिथे जमीन सपाट आहे, तिथे खंदक खोदला आहे. तटावर उभे राहिले की किल्ला इथेच का, हे नकाशाशिवाय समजते.

जायचे केव्हा? हिरवळीसाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर, पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारी. त्या दिवसांत माजलगावच्या जलाशयावर चक्रवाक आणि इतर पाहुणी बदके उतरलेली असतात. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वन विभागाचा वणव्याचा हंगाम. त्याआधी वनरक्षक आणि हंगामी मजूर हद्दीवरचे गवत कापून, जाळून जाळरेषा तयार करतात. या काळात डोंगरावर चूल मांडणे, बिडी-सिगारेट ओढणे सोडाच, वाळल्या गवतात मोटारसायकल उभी करणेही टाळावे. तापलेल्या सायलेन्सरला गवत टेकले तरी पुरे होते. उन्हाळ्यात पाणवठ्यांजवळ जाऊन बसू नये. माणूस तिथे असेल तर जनावर तहानलेलेच परत फिरते. निघण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे, आणि शक्य असेल तर त्या बीटच्या वनरक्षकाला भेटावे. कुठल्या ओघळीत पाणी आहे आणि कुठल्या झाडावर घुबड बसते, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नसते.

परतीच्या वाटेवर एक काम करता येण्यासारखे आहे. डोंगराच्या पायथ्याला कठडा नसलेल्या विहिरी जागोजागी आहेत, आणि रात्री त्यात कोल्हा, रानडुक्कर, कधी बिबट्याही पडतो. अशा विहिरीत जनावर दिसले तर दोर टाकू नये, गर्दी करू नये, मोबाइलवर चित्रण करत कडेला वाकू नये. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा, गावाचे नाव आणि गट क्रमांक सांगावा, आणि पथक येईपर्यंत कुत्री व माणसे लांब ठेवावीत.

(पुढील भागात : मांजरेच्या उगमाचे पठार आणि सौताड्याचा धबधबा)